यंत्राला भाषा शिकविणाऱ्या हॉपरबाई

सोलापूरच्या पूर्व भागात पाऊल टाकले की यंत्रमागांचा खडखडाट कानी पडू लागतो. येथील चादर महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली आहे. तिच्यावरील फुले, वेली आणि मोर कोणी हाताने काढीत नाही की छापीत नाही; विणता विणताच ती नक्षी उमटत जाते. हे कसे साधते? मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाची एक यंत्ररचना बसविलेली असते. तीत जाड पुठ्ठ्याच्या कार्डांची एक लांबलचक माळ फिरत असते, आणि प्रत्येक कार्डाला ठरावीक जागी छिद्रे पाडलेली असतात. जेथे छिद्र असेल तेथील उभा धागा वर उचलला जातो. जेथे नसेल तेथला धागा खालीच राहतो. कार्डामागून कार्ड पुढे सरकते, आडव्या धाग्यामागून आडवा धागा बसत जातो, आणि पाहता पाहता मोराचा पिसारा फुलतो. अलीकडे कित्येक मागांवर या कार्डांची जागा विजेच्या उपकरणांनी घेतली आहे. तथापि तत्त्व तेच. विणकराने आपल्या मनातील नक्षी छिद्रांच्या भाषेत लिहून ठेवलेली असते आणि माग ती भाषा वाचीत असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

ही युक्ती फ्रान्समधील लियों या गावच्या जाकार नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. त्याच्याच नावाचा उच्चार बदलत बदलत आपल्याकडे जेकार्ड झाला. पुढे इंग्लंडातील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाच्या मनात आले की, छिद्रांच्या कार्डांनी जर धागे हलविता येतात, तर आकडे का हलविता येऊ नयेत? त्याने तसे यंत्र योजिले, आणि एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली त्या यंत्राकडून गणित कसे करवून घ्यावे याची टिपणे लिहिली. ते यंत्र मात्र कागदावरच राहिले. यंत्राला छिद्रांच्या भाषेत आज्ञा देऊन मोठमोठी गणिते प्रत्यक्ष करवून घेण्याचा दिवस उजाडावयास आणखी शंभर वर्षे जावी लागली. तो दिवस ज्यांनी पाहिला, आणि छिद्रांची ती भाषा माणसाने शिकण्याऐवजी माणसाची भाषा यंत्रालाच का शिकवू नये, असा प्रश्न ज्यांनी विचारला, त्या ग्रेस हॉपर यांचा हा वृत्तांत आहे.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मरी. वडील विम्याच्या व्यवसायात होते. आईला भूमितीची विलक्षण आवड. आईचे वडील जमिनीची मोजणी करणारे स्थापत्यविशारद होते आणि लहानपणी ती त्यांच्याबरोबर मोजणीच्या कामास जात असे. त्या काळी मुलींनी भूमिती शिकण्याची पद्धत नव्हती. आईची जी आवड अपुरी राहिली, ती मुलीच्या ठिकाणी पुरी व्हावी अशीच योजना असावी.

सात वर्षांची असताना ग्रेसला एक प्रश्न पडला. गजराचे घड्याळ नेमक्या वेळी कसे वाजते? सुटीत राहावयाच्या त्यांच्या घरी प्रत्येक खोलीत एक याप्रमाणे सात घड्याळे होती. तिने एक घड्याळ उघडले. आतील चक्रे, कमानी, मळसूत्रे भराभर बाहेर पडली, पण ती पुन्हा बसविता येईनात. मग दुसऱ्या घड्याळाकडे पाहून पहिले बसवावे म्हणून तिने दुसरे उघडले, मग तिसरे. असे करता करता सातही घड्याळे मोकळी झाली. आईच्या ध्यानी ही गोष्ट आली तेव्हा तिने मुलीला शिक्षा केली नाही; यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावेत एवढी मर्यादा मात्र घालून दिली. घरोघरच्या मातांनी ही तडजोड लक्षात ठेवण्याजोगी आहे.

वडिलांची प्रकृती ठीक नसे. रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांचे पाय कापावे लागले होते. आपण मुलांना फार काळ पुरणार नाही या जाणिवेने म्हणा, त्यांनी मुलगा आणि दोन मुली यांच्यात शिक्षणाच्या बाबतीत तिळमात्र भेद केला नाही. सोळाव्या वर्षी ग्रेसने व्हासर येथील महिला महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा दिली. पण लॅटिन भाषेत तिला पुरेसे गुण पडले नाहीत आणि तिला एक वर्ष थांबावे लागले. पुढे १९२८ साली तिने तेथूनच गणित व पदार्थविज्ञान या विषयांची पदवी मिळविली. येल विद्यापीठातून १९३० साली एम. ए. आणि १९३४ साली गणितातील डॉक्टरेट अशा पुढील पदव्याही तिने संपादन केल्या. व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकांशी तिचा १९३० साली विवाह झाला. तो पुढे टिकला नाही, परंतु हॉपर हे आडनाव जन्मभर राहिले. १९३१ पासून त्या व्हासर येथेच गणित शिकवू लागल्या. एका सुखवस्तू अध्यापिकेचे आयुष्य असेच शांतपणे सरले असते.

पण दुसरे महायुद्ध पेटले. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली. हॉपरबाईंचे पणजोबा अमेरिकेच्या आरमारात मोठे अधिकारी होते. आपणही नौदलात जावे असे बाईंच्या मनाने घेतले. नौदलाने मात्र नकार दिला, आणि त्याची कारणेही सबळ होती. एक तर त्यांचे वय छत्तिशीच्या घरात गेलेले. दुसरे, नियमाने जेवढे वजन हवे त्याहून त्यांचे वजन सुमारे सात किलो कमी. तिसरे असे की, गणिताच्या अध्यापकांची देशाला महाविद्यालयातच अधिक गरज आहे, असे सरकारचे मत. बाईंनी हट्ट सोडला नाही. त्यांनी महाविद्यालयातून रजा मिळविली, वजनाच्या अटीतून सवलत मिळविली, आणि डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात बरोबरच्या मुली त्यांच्या विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या वयाच्या होत्या. त्या वर्गात हॉपरबाई पहिल्या आल्या.

२ जुलै १९४४ रोजी त्या हार्वर्ड विद्यापीठात आपल्या नेमणुकीवर हजर झाल्या. तेथे एका इमारतीत त्यांना जे दाखविण्यात आले, ते पाहून गणितात डॉक्टरेट मिळविलेल्या या विदुषीलाही हे काय आहे याचा उलगडा होईना. त्या यंत्राचे नाव मार्क वन. लांबी एकावन्न फूट, उंची आठ फूट, वजन सुमारे साडेचार टन. आत साडेसात लाखांवर सुटे भाग आणि शेकडो मैल लांबीची तार. अखंड खटखट चाललेली. हे यंत्र एका सेकंदाला तीन बेरजा करी. एका गुणाकारास त्याला सुमारे सहा सेकंद लागत. तुमच्या घरातील लहानशा मोबाइलपुढे हा वेग हास्यास्पद वाटेल. परंतु ते तेवीस अंकी संख्यांची गणिते करी, आणि एकदा आज्ञा दिल्या की माणसाने मध्ये हात न घालता तासन् तास करीत राही. त्या काळी ही गोष्ट अपूर्व होती.

यंत्राचे प्रमुख हॉवर्ड एकन हे शिस्तीचे आणि तापट गृहस्थ होते. बाईंना यावयास उशीर झाला म्हणून ते आधीच रागावलेले. त्यांनी येताक्षणीच बाईंच्या हाती यंत्राच्या आज्ञांची यादी ठेवली आणि त्रिकोणमितीतील एक अवघड कोष्टक आठवड्याभरात यंत्राकडून करवून घेण्यास सांगितले. शिकविणारा कोणी नाही, पाठ्यपुस्तक नाही, कारण असे पुस्तक जगात कोठेच नव्हते. कॅम्पबेल आणि ब्लॉक हे दोन तरुण अधिकारी तेवढे आधीपासून काम करीत होते. बाईंनी त्यांना विचारून विचारून काम समजून घेतले. कालपर्यंत वर्गात उभ्या राहून शिकविणारी अध्यापिका आता आपल्याहून लहान मुलांकडे शिकावयास बसली होती, आणि याचा त्यांना संकोच वाटला नाही.

या यंत्राला आज्ञा देणे म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. कागदाची एक लांब पट्टी असे. तीवर आडव्या ओळीत चोवीस जागा. प्रत्येक ओळीत काही जागी छिद्र पाडावयाचे, काही जागा कोऱ्या सोडावयाच्या. अमुक कप्प्यातील संख्या घे, अमुक कप्प्यातील संख्येत मिळव, अशी प्रत्येक बारीक क्रिया एका ओळीत सांगावयाची. जेकार्डच्या कार्डाची आठवण येथे कोणासही होईल. फरक एवढाच की, मागावर एक छिद्र चुकले तर मोराच्या पिसाऱ्यात एक ठिपका इकडेतिकडे होईल; येथे एक छिद्र चुकले तर सबंध उत्तर चुकणार, आणि ते चुकले आहे हे कळणारही नाही.

पुढे एकन यांनी बाईंना या यंत्राचे पुस्तक लिहावयास सांगितले. आपण कधी पुस्तक लिहिलेले नाही, ही सबब चालली नाही. रोज लिहून झालेली पाने एकन यांना वाचून दाखवावयाची, असा क्रम पडला. पाचशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यामागून येणाऱ्याला आपल्यासारखे अंधारात चाचपडावे लागू नये, ही दृष्टी बाईंच्या पुढील सर्व कामात दिसते. तिचा आरंभ येथे आहे.

याच काळातील एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डमधील पुढचे यंत्र, मार्क टू, नीट चालेना. शोध घेता आत एक पतंग अडकून मेलेला सापडला. तेथील लोकांनी तो चिमट्याने काढून नोंदवहीत चिकटविला. ती वही आजही वॉशिंग्टनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. संगणकातील चुकीला इंग्रजीत किडा या अर्थाचा जो शब्द वापरतात, तो हॉपरबाईंनीच त्या दिवशी रूढ केला असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नव्हे. तो शब्द यंत्रविद्येत त्याआधी कित्येक वर्षांपासून होता, आणि पतंग सापडला तो बाईंच्या सहकाऱ्यांना. बाईंनी ही हकीकत रंगवून सांगितली आणि म्हणून ती जगभर पसरली.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी एक साधी गोष्ट. हार्वर्डमधील मंडळी आपापल्या वह्यांत आज्ञा लिहून ठेवीत. एखादी आज्ञामाला, समजा वर्गमूळ काढण्याची, एकदा बरोबर चालली की दुसरा ती वही मागून घेई आणि आपल्या कामासाठी उतरवून काढी. उतरविताना कप्प्यांचे क्रमांक बदलावे लागत. म्हणजे प्रत्येक क्रमांकात ठरावीक संख्या मिळवावी लागे. येथेच घोटाळा होई. मोठमोठे गणिती, पण त्यांची बेरीज चुके. कोणी अक्षर नीट न लावता भलतेच उतरवी. गृहपाठाची वही मागून घेऊन उतरविणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. मूळ वहीतील चुकांत ते आपल्या दोन-चार चुकांची भर हमखास घालतात. बाईंनी हे पाहिले आणि त्यांच्या मनात विचार आला. बिनचूक नक्कल करणे आणि बिनचूक बेरीज करणे ही दोन कामे माणसाला नीट जमत नाहीत. मग ज्या यंत्राला नेमकी हीच दोन कामे उत्तम जमतात, त्याच्याकडेच ती का सोपवू नयेत?

युद्ध संपल्यावर नौदलाच्या कायम सेवेत घ्यावे अशी विनंती बाईंनी केली; ती वयाच्या कारणावरून नाकारली गेली आणि त्या राखीव दलातच राहिल्या. हार्वर्डमध्येही स्त्रीला कायमची जागा मिळण्याचा संभव नव्हता. १९४९ साली त्या फिलाडेल्फिया शहरी एकर्ट आणि मॉक्ली यांच्या कंपनीत गेल्या. तेथे युनिव्हॅक नावाचा संगणक तयार होत होता. तो मार्क वनपेक्षा कितीतरी पटींनी वेगवान; त्यातील पहिला १९५१ साली अमेरिकेच्या जनगणना खात्यास देण्यात आला.

तेथील एका यंत्रासाठी बाईंना अष्टमान पद्धतीची अंकगणना अंगवळणी पाडावी लागली. आपण दहाच्या पटीत मोजतो. अष्टमान पद्धतीत आठाच्या पटीत मोजतात, म्हणून तेथे सातानंतर एकदम दहा लिहितात. बाई या गणनेत इतक्या मुरल्या की पुढे त्यांचा बँकेचा हिशेब कित्येक महिने जुळेना. अखेर बँकव्यवहार जाणणाऱ्या त्यांच्या भावाने सबंध वही तपासली, तेव्हा उलगडा झाला. बाई घरच्या खर्चाची वजाबाकीसुद्धा मधून मधून अष्टमानात करीत होत्या! यंत्राची भाषा बोलता बोलता आपण यंत्रासारखेच होऊ लागलो आहोत, हे त्यांनी यावरून ओळखले. ज्यांना केवळ पगारपत्रके किंवा मालाचा हिशेब करावयाचा आहे, त्यांनी एवढा आटापिटा का करावा?

ऑक्टोबर १९५१ पासून मे १९५२ पर्यंत खपून त्यांनी आपली कल्पना प्रत्यक्षात आणली. ती समजण्यासाठी आपण स्वयंपाकघरात जाऊ. घरी आजीला शेंगाची चटणी कर एवढे म्हटले की पुरते. पण जिला काहीच ठाऊक नाही अशा व्यक्तीला सांगावयाचे झाले तर? शेंगदाणे घे, तव्यावर टाक, मंद आचेवर भाज, निवू दे, साले काढ, लसूण, तिखट, मीठ, जिरे घाल, उखळात कूट, असे सारे सांगावे लागेल. यंत्र असेच काही न जाणणारे. रोज नवे माणूस आले की रोज हे सारे पहिल्यापासून लिहून द्यावयाचे, असा तेव्हाचा प्रकार होता. हॉपरबाईंनी अशा तयार आणि तपासून घेतलेल्या आज्ञामाला चुंबकीय फितीवर साठविल्या आणि प्रत्येकीला एक संकेत दिला. माणसाने फक्त संकेत क्रमाने लिहावयाचे. मग एक खास आज्ञावली ते संकेत वाची, फितीवरून योग्य त्या आज्ञामाला हुडकून काढी, कप्प्यांचे क्रमांक आपले आपण बदली, आणि सारे जोडून यंत्राला चालविता येईल अशी पूर्ण आज्ञावली सिद्ध करी. इकडूनतिकडून वेचून एकत्र करणारा, म्हणून या साधनाला त्यांनी कंपायलर हे नाव दिले. आजच्या मानाने तो कंपायलर फार बाळबोध होता, आणि जाणकार त्याला पूर्ण अर्थाने कंपायलर म्हणावे की नाही याविषयी वाद घालतात. वाट मात्र त्याने दाखविली. मे १९५२ मध्ये बाईंनी पिट्सबर्ग येथील परिषदेत यावर निबंध वाचला. त्याचा विषयच संगणकाचे शिक्षण हा होता. शिकावयाचे ते संगणकाने!

नवल असे की, या कल्पनेचे स्वागत झाले नाही. संगणक फक्त गणिते करतो, तो स्वतः आज्ञावली लिहू शकत नाही, असे तज्ज्ञांचे ठाम मत. कंपायलर तयार होऊन चालू असतानाही लोक त्याला हात लावीत ना. यामागे केवळ अविश्वास नव्हता. त्या वेळी यंत्राशी बोलता येणारी माणसे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. ही विद्या अवघड आहे, म्हणूनच आपल्याला मान आहे, असे त्यांतील काहींस वाटे. ती सर्वांना सुलभ व्हावी हे त्यांना रुचणारे नव्हते. विद्या थोड्यांच्याच हाती राहावी की पुष्कळांच्या, असा हा झगडा होता. असे झगडे आपल्या देशालाही अपरिचित नाहीत.

बाई आणखी पुढे गेल्या. संकेतही नकोत, साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहाव्यात आणि कंपायलरने त्या यंत्राच्या भाषेत उतरवाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. संगणकाला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर कंपनीकडून मिळाले. बाईंनी आपल्या सहकाऱ्यांसह एक लहानसे प्रात्यक्षिक तयार केले. इंग्रजी शब्दांत लिहिलेली आज्ञावली यंत्राने चालवून दाखविली. मग त्यांनी त्याच आज्ञा फ्रेंच शब्दांत लिहिल्या, आणि पुन्हा जर्मन शब्दांत. यंत्राने त्याही तितक्याच निमूटपणे पार पाडल्या. ज्या गोष्टीने अधिकाऱ्यांची खात्री पटावी, तिनेच ते बिथरले. फिलाडेल्फियात तयार झालेल्या अमेरिकन यंत्राला परक्या भाषा कळतील कशा, ही त्यांची शंका! यंत्राला इंग्रजीही कळत नाही आणि फ्रेंचही कळत नाही, त्याला एक शब्द दुसऱ्या खुणेशी जुळविता येतो एवढेच, हे त्यांना पटविण्यास बाईंना कित्येक महिने खर्ची घालावे लागले. मुलांनो, येथे क्षणभर थांबा. त्या शब्दांच्या जागी मिळव, वजा कर, वाच, लिही हे मराठी शब्द योजले असते, तरी यंत्राने तेवढ्याच आनंदाने काम केले असते.

या खटपटीतून फ्लो-मॅटिक ही भाषा निर्माण झाली. पण आता दुसरी अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर चालत नसे. सर्व यंत्रांना चालेल अशी एक भाषा असावी, ही सूचना मेरी हॉज या दुसऱ्या एका विदुषीने मांडली. मे १९५९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सर्वांना एकत्र बोलाविले, आणि त्यातून कोबोल ही भाषा जन्मास आली. ती एकट्या हॉपरबाईंनी रचली नाही. ते काम जीन सॅमेट आदी तरुण मंडळींच्या समितीने केले. बाई सल्लागार होत्या, पण पायाला त्यांची फ्लो-मॅटिक होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर लागोपाठ चालवून दाखविण्यात आली. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कचेऱ्या यांचे हिशेब कोबोलने वाहिले. कित्येक ठिकाणी ती आजही राबत आहे.

सोलापूरच्या स्थानकावरून निघणाऱ्या गाडीचे तिकीट घरबसल्या मोबाइलवर काढता येते, हे तुम्ही पाहिले असेल. तुम्हांला दिसतो तो केवळ दर्शनी भाग. जागा शिल्लक आहे काय, पैसे जमा झाले काय, हे पाहणारे संगणक दूर कोठेतरी पडद्याआड बसलेले असतात आणि एकाच क्षणी असंख्य लोकांना उत्तरे देत असतात. या पडद्यामागच्या कामासाठी आज गो, रस्ट अशा नव्या भाषा लोक आवडीने शिकतात. गो ही भाषा २००९ साली लोकांपुढे आली. रस्टची पहिली पक्की आवृत्ती २०१५ साली निघाली. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली स्थापन झाले. तेथे आणि अशाच इतर महाविद्यालयांत संगणकाची विद्या शिकणाऱ्या मुलामुलींनी अशा भाषेत काही लिहिले, की ते आधी कंपायलरच्या हाती द्यावे लागते. कंपायलर ते ओळीओळीने तपासतो. कोठे एखादे चिन्ह राहिले, कोठे संख्येच्या जागी शब्द आला, तर अमक्या ओळीत अमुक चूक आहे असे दाखवून तो काम परत करतो. रस्टचा कंपायलर तर या बाबतीत विशेष कडक आहे. नवशिक्यास आरंभी त्याचा राग येतो. परंतु चूक आधीच उघड होते, लोकांचे पैसे गुंतल्यावर नव्हे. सारे निर्दोष ठरले म्हणजे कंपायलर सबंध लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवून देतो, आणि मग ते विलक्षण वेगाने चालते. मार्क वनच्या वेळी जी छिद्रे माणसाने एक एक करून पाडावयाची, ते काम आता यंत्र करते.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने हॉपरबाईंना वयोमानाप्रमाणे निवृत्त केले. सातच महिन्यांनी, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावण्यात आले, कारण नौदलातील निरनिराळ्या कोबोल भाषांचा मेळ बसविणारा दुसरा कोणी मिळेना. ते सहा महिने मधली थोडी खंड वगळता जवळजवळ एकोणीस वर्षे लांबले. नेहमी असेच करीत आलो, या उत्तराची बाईंना चीड होती. त्यांच्या कचेरीतील भिंतीवरचे घड्याळ उलट्या दिशेने चाले. तरीही वेळ बिनचूक कळे. घड्याळाचे काटे उजवीकडेच फिरले पाहिजेत असा काही नियम नाही, हे आलेल्या गेलेल्याच्या ध्यानी यावे म्हणून ते तेथे टांगलेले होते.

त्यांची शिकविण्याची हातोटी शेवटपर्यंत तशीच राहिली. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे किती, हे वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांना समजेना. बाई व्याख्यानाला जाताना तारेचे तुकडे बरोबर नेत आणि श्रोत्यांना वाटीत. तेवढ्या वेळात वीज जास्तीत जास्त जेवढी वाट चालू शकेल, तेवढीच त्या तुकड्याची लांबी, म्हणजे सुमारे ३० सेंटिमीटर. तुमच्या दप्तरातील फूटपट्टी काढून पाहा. ती जवळजवळ तेवढीच भरेल. सेकंदाचा दशलक्षावा भाग दाखविण्यासाठी त्या सुमारे ३०० मीटर तारेचे भले मोठे वेटोळे उचलून दाखवीत. आज्ञावली लिहिताना वेळ उधळणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात हे वेटोळे बांधावे, अशी थट्टाही त्या करीत.

१९६९ साली संगणक व्यावसायिकांच्या एका संघटनेने त्यांना वर्षातील उत्तम पुरुष हा मान दिला. स्त्रीला तो द्यावा लागेल हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात कधी आले नसावे. नौदलात त्या पायरीपायरीने चढत १९८५ साली रिअर अ‍ॅडमिरल या हुद्द्यावर पोहोचल्या. १४ ऑगस्ट १९८६ रोजी बॉस्टन बंदरात कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निरोपसमारंभ झाला. त्या वेळी त्यांचे वय ७९ वर्षांचे होते आणि सेवेत असलेल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयोवृद्ध होत्या. त्यानंतरही त्या घरी बसल्या नाहीत. एका संगणक कंपनीत सल्लागार म्हणून नोकरी धरून गावोगावी व्याख्याने देत राहिल्या.

१ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय स्मशानभूमीत सैनिकी इतमामाने त्यांना मूठमाती देण्यात आली. नौदलाने पुढे एका विनाशिकेला हॉपर हे नाव दिले. ती १९९७ साली सेवेत दाखल झाली. त्यांनी वाटलेले तारेचे तुकडे ज्यांना मिळाले त्यांनी ते जपून ठेवले, आणि त्यांतील एक जुडी पतंगाच्या त्या वहीप्रमाणेच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.